बिनड्रायव्हरची गाडी

गोल्डचं तिकीट काढलं, दुप्पट पैसे मोजून,
पुढची काच त्याच डब्यात असते म्हणून.
किती दिरहम, ते दादांना सांगितलं नाही.
रुपयांत गुणून पायी निघाले असते.

"ड्रायव्हर कुठाय?"
नाहीच, म्हटलं.
ते हसले नाहीत.
गुहागर डेपोत एकतीस वर्षं काढलेला माणूस
सीटच्या कडेला टेकला,
घाट लागण्याआधी सावरून बसावं तसा.

बुरजुमान सुटलं, बोगदा संपला,
एकदम ऊन. खाली शेख झायेद रस्ता,
त्यावर कुणी कुणाला हॉर्न देत नव्हतं.
वळण आलं की त्यांचा उजवा पाय
जमीन दाबायचा.
चप्पल झिजलेली तिथंच, अंगठ्याखाली.

दारं लागायची, आधी अरबीत सांगून, मग इंग्रजीत.
तरी सुटताना दर वेळी
ते मान किंचित मागे वळवत.
काय झालं?
"कुठं काय."

जबल अली जवळ आलं तेव्हा कुठं
माझ्या डोक्यात प्रकाश पडला.
घराची किल्ली काढली,
स्टीलच्या दांड्यावर हळूच वाजवली,
टण् टण्.

समोरच्या फिलिपिनो बाईनं मोबाइलमधून वर पाहिलं.

दादांनी पाय उचलला.
"झोपलात काय," म्हणाले,
"मास्तर?"