दुभाष्याची खुर्ची

बेटावरच्या त्या खोलीत माझी खुर्ची मधोमध.
इकडे डॉक्टर व्हिटकम, मुठीत टिकटिकणारं घड्याळ,
तिकडे परास्का जुबाय, वय चौतीस,
अकरा दिवसांची बोट अजून पायांखाली हलत असलेली.
मला पगार दिवसावर होता, डोक्यांवर नव्हता,
तरी आम्ही डोकीच मोजत होतो.

टेबलावर लाकडी पाट. त्यात कोरलेले दहा खळगे,
शेजारी विस्कटलेले दहा तुकडे:
चांदणी, गोल, बदाम, त्रिकोण...
"तिला सांग, लवकर बसव."
मी सांगितलं. आमच्या गावात तो 'लवकर'
आग लागली तरच ओरडायचे.
तिने खिडकीकडे पाहिलं, धूर दिसतो का म्हणून.

मग त्रिकोण उचलला. बसवला नाही.
नखाने टोकरला, नाकाशी धरला,
कानाशी नेऊन बोटाने वाजवला.
सतरा सेकंद. वीस.
"लिंडनचं लाकूड," ती मला म्हणाली, हळूच,
परक्याच्या घरातली खोट दाखवावी तसं,
"रस चढत असताना तोडलेलं.
ह्या खाऱ्या दमट हवेत
दोन हिवाळ्यांनी हा आपल्या घरात मावायचा नाही.
ज्याने केलं त्याला सांगा."

"काय म्हणते?"

रांगेत मागे एकशेदहा माणसं.
मी म्हणालो, "लाकडाबद्दल काहीतरी."

डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी मान हलवली,
दार हळू लोटून घ्यावं तशी,
आणि रकान्यात लिहिलं: मनाचं वय, नऊ.
त्याचं भाषांतर करायला मला कुणी सांगितलं नाही.
कोटावर खडूची फुली उठली, तेव्हा
तिने ती पिठासारखी झटकायला हात नेला.
मीच म्हणालो, राहू दे.

पुढचं माहीत नाही. परतीच्या बोटींच्या याद्या
दुसऱ्या इमारतीत असत.
चालत चार मिनिटं. मी गेलो नाही.

खोली बंद झाली तेव्हा पाट भंगारात निघाला,
मी घरी आणला. काल नातू घेऊन बसला.
चांदणी गेली, गोल गेला, बदाम गेला.
त्रिकोणाशी झटला, मुठीने ठोकला,
रडकुंडीला येऊन म्हणाला,
"दिदो, मला येत नाही."

सांगणारच होतो त्याला.
पण ती भाषा त्याला कळत नाही,
आणि ह्या भाषेत
मी ते एकदा सांगायचं टाळलंय.