चार मिनिटं

ताळगावच्या पठारावर आता
बस म्हणजे मोबाइलमधला निळा ठिपका.
गाड्यावर "गेली काय रे?" कुणी विचारत नाही.

ठिपका रोज आठ-बाराला
बांबोळीच्या उतारावर थिजतो. चार मिनिटं.
तिथं थांबा नाही.
तक्रारी आल्या. सिस्टिम माझी,
म्हणून मीच बसमध्ये चढलो.

मिंगेलबाबानं इंजिन बंद केलं.
काजूच्या झाडांतून शेवंती गावकर येत होती,
डोक्यावर कॅन्टीनच्या पातळभाजीचा टोप,
पावलं मोजून, कारण झाकण सैल.
मागचा कुणीतरी उतरला, टोप धरला.
"चल गो," एवढंच.

रात्री नकाशात एक थांबा वाढवला.
नावाचा रकाना रिकामा चालत नव्हता.
लिहिलं: सैल झाकण.

सकाळी तक्रार एकच —
हे कसलं नाव?