पुन्हा एकदा सांग

वादसोमध्ये नोव्हेंबर सरता सरता सूर्य रजेवर जातो
आणि जानेवारीच्या मध्याशिवाय कामावर रुजू होत नाही.
त्याच्या रजेतलीच ती एक रात्र.
धक्क्यावरच्या बर्फात घसरलेली साडेतीन वर्षांची मारेत,
कोपरापासून भलतीकडेच वळलेला तिचा हात,
आणि दाराशी बाप, मासेमारीच्या पिवळ्या रबरी पँटीत,
आपले हात कुठे ठेवावेत हे न कळून उभा.

मी नवा. माझी घाई माझ्याहून ज्येष्ठ.
"केटामीन," म्हणालो, आणि पाठोपाठ आकडा.
आमच्या भाषेत पंधरा आणि पन्नास
एकाच घरातले, एकाच तोंडवळ्याचे;
फरक काय तो शेपटीत,
आणि ती मास्कमध्येच विरघळते.

गुनवोरनं सिरिंज हातात धरली, भरली नाही.
"पुन्हा एकदा सांग, आस्लाक."

तेवीस वर्षं त्या वॉर्डात काढलेली बाई.
मला वाटलं, बापासमोर माझी परीक्षा घेतेय.
कानशिलं तापली.
मारेत रडून रडून आता नुसती उचक्या देत होती.
"आकडे सुटे करून सांग."
"एक. पाच."
शाळेत उभं केल्यासारखा बोललो, ओठ आवळून.
"एक, पाच. पंधरा मिलिग्रॅम," ती म्हणाली
आणि थांबली.
कशासाठी, ते मला उशिरा कळलं.
"हो," मी म्हणालो.
तेवढ्या एका होकारासाठी सुई खोळंबली होती.

औषध चढलं. मारेतचे डोळे उघडेच,
पण बघत होते कुठंतरी फ्योर्डपल्याड.
हाड जागेवर बसताना आवाज आला,
कपाटाची कडी लागावी तसा.

पहाटे, म्हणजे घड्याळातल्या पहाटे,
कॉफीचा कप हातात धरून
मला माझंच बोलणं आठवेना.
पहिल्यांदा मी काय म्हणालो होतो?
गुनवोर मोजे वाळत घालत होती हीटरवर.
तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
नोंदवहीत पंधराच.

तेव्हापासून आकडा बोललो की मी थांबतो;
तो कुणाच्या तरी तोंडून परत येईस्तोवर
मला तो माझा वाटत नाही.

तिच्या निरोपाला केक होता, वर क्लाउडबेरी.
सगळे पांगल्यावर धीर करून विचारलं,
"त्या रात्री, खरं सांग, माझ्या तोंडून काय आलं होतं?"
तिनं उजव्या कानातलं यंत्र बोटानं नीट बसवलं,
माझ्याकडे वळली,
"पुन्हा एकदा सांग."