तीन चाळीस

परळच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
मी लोकांना झोपवते आणि स्वतः जागते.
आज खाट दोनवर मोरेश्वर वैती, वेसाव्याचे, वय एकसष्ट.
टाळूवर पेस्ट लावून एकवीस वायरी चिकटवल्या,
तेव्हा म्हणाले, "जाळं विणतेस की काय, बाय?"
वास गेलाय त्यांचा. तीन वर्षं झाली.
करपलेलं दूध कळत नाही,
स्वतःच्या घामाची ओळख राहिली नाही.

तीन चाळीसला पापण्यांखाली बुबुळं पळू लागली,
पडद्यावरची शहाणी रेघ उधळली.
बाकी देह ढिला, ओंडक्यासारखा.
फक्त नाकपुड्या
फुलत होत्या, मिटत होत्या,
पुन्हा फुलत होत्या.

सकाळी वायरी सोडवताना बोलले,
हळूच, चोरी कबूल करावी तसं:
"बोंबील. वलांडीवरचे. दुसऱ्या दिवसाचे, अर्धे वाळलेले."

आमच्या तक्त्यात श्वास आहे, घोरणं आहे,
पायाचा झटकासुद्धा मोजतो आम्ही.
वासाला रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिलं: डोळ्यांची जलद हालचाल. रुग्ण शांत.

घरी येऊन, भर दुपारी, काळ्या पडद्याआड झोपले.
शेजारच्या राजाध्यक्षांचा कुकर
माझ्या स्वप्नात बोट होऊन भोंगा देत होता,
आणि धक्क्यावर मी एकटीच, कुणाला तरी हात करत.
चौथ्या शिट्टीला जाग आली.
खोलीभर उतू गेलेल्या वरणाचा, हिंगाचा वास.

तिथे मात्र
समुद्रालासुद्धा वास नव्हता.