साडेसात इंच

वर्डेल टन्स्टॉल गायली तेव्हा मी काचेच्या अलीकडे होतो.
एवढंच माझं श्रेय.
तबकडीच्या पाकिटावर तेवढंही नाही.

मेम्फिस, ऑगस्ट. पूर्वी जिथं बुटांचं दुकान होतं
तिथं भिंतींना गाद्या ठोकून केलेला स्टुडिओ.
पंख्याची घरघर माइकात येते म्हणून पंखा बंद.
ड्रमवाला सदरा काढून बसलेला,
आणि ती आली थेट लाँड्रीतून,
हातांना खळीचा वास,
कोपरापर्यंत वाफेनं पोळल्याचे जुने डाग.

बाप डीकन. याझू सिटीबाहेर कापसाच्या कडेला
पत्र्याचं चर्च, तिथं नवव्या वर्षी
तिला बाकावर उभं करायचे, मागच्यांना दिसावी म्हणून.
देवाला लावलेला तो सूर
तिनं पुढं एका नवऱ्यानं टाकलेल्या बाईच्या गाण्याला लावला,
तर बापानं तिचं नावच टाकलं.
ती म्हणायची, सूर तोच आहे हो,
मी फक्त पत्ता बदलला.

सातव्या टेकला जमलं.
तिसऱ्या कडव्याआधी ती थांबली
आणि श्वास घेतला.
श्वास म्हणजे, कसं सांगू,
भरलेली बादली वर येताना
विहिरीच्या दगडाला घासते, तसा.
बासवाल्यानं मान वर केली. मी सुई बघायची विसरलो.

क्रॉसबी, आमचा मालक, सिगार न काढता म्हणाला,
"ते काढ. ऐकणाऱ्याला वाटेल, बाईला दम लागलाय."

फीत सेकंदाला पंधरा इंच पळते.
अर्धा सेकंद, साडेसात इंच.
पात्यानं तिरकं कापलं, पट्टी लावली, नखानं दाबलं.
सांधा कुणाला कळला नाही.
हात चांगला होता माझा.

गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला गेलं.
पुढं व्हायोलिनचं काहीतरी होतं, ते थोडं चाललं,
जॅक्सनपासून शिकागोपर्यंत, एक हिवाळाभर.
क्रॉसबीनं तिला फरचा कोट दिला.
वर्षाअखेरी हिशेबात तो कोट निघाला,
मोटेलं निघाली, वादकांची जेवणं निघाली,
माझा त्या दिवसाचा पगारही तिच्याच नावावर.
तळाला बेरीज: टन्स्टॉल देणं लागते, दोनशे अकरा डॉलर.

दुसरी तबकडी. तिसरी.
चौथीच्या वेळी म्हणाले, लोकांना आता नाचायचंय, वेग वाढव.
पाचवी निघालीच नाही. कंपनी विकली गेली,
तळघरात पाणी शिरलं, फितींचा लगदा झाला.
मग चोवीस वर्षं शाळेची बस.
रेल्वे फाटकाशी थांबली की गुणगुणायची म्हणे,
आणि पोरं ओरडायची, मिस टन्स्टॉल, रेडिओ लावा ना!

अडुसष्टाव्या वर्षी इंग्लंडहून तिकीट आलं.
तिथं कुठल्याशा कोळशाच्या गावात
लाकडी फरशीवर टाल्कम पावडर टाकून
लोक रात्रभर नाचतात, म्हणे, तिच्या मागच्या बाजूवर.
तिला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय.

परत आली आणि फोन केला.
"रॉस्को, सातशे गोरी माणसं, शब्दन्‌शब्द पाठ.
तिसऱ्या कडव्याआधी मी दम घेतला
आणि ती सगळी माझ्याआधीच पुढं निघून गेली.
माझंच गाणं, आणि मी मागून धावतेय!"
खूप हसली. हसता हसता खोकली.
मग म्हणाली, "तिथं काय होतं रे?
तू काय काढलंस?"

तंबाखूचा डबा. त्यात
पात्याचं पाकीट, दोन जुनी स्टँपं,
आणि गुंडाळी करून ठेवलेलं ते.
तपकिरी, काठाला मोडायला आलेलं.
उलगडलं तर अंगठ्याला भुकटी लागली.

डबा हातातच होता.
तरी म्हणालो, थांब हं, शोधतो.

ती थांबली.
पलीकडून ऐकू येत होतं.