माप

कापणीच्या सणाला मी तुरीचं पोतं दिलं.
पाळकसाहेबांनी नाव वाचलं : आशेर दिनकर घुले,
मोंढ्यातले मापाडी, जालना.
टाळ्या पडल्या.
लिलावात भोपळा गेला नऊशेला,
गावरान कोंबडा साडेसहाशेला,
पाय बांधलेले, तरी मधेच आरवायचा.

प्रार्थनेला डोळे मिटले
तर समोर काटा.
माझाच, जुना,
वजनाच्या पारड्याखाली चिकटवलेला
बोराएवढा लोखंडाचा तुकडा.

'देवा, मी पापी' हे तर दर रविवारी म्हणतो,
सगळ्यांच्या आवाजात.
त्यात माझा कुठला, कुणाला कळतंय?

दानाची थैली पुढच्या बाकापर्यंत आली होती.
मी उठलो. सलोमी कुजबुजली, अहो, कुठं?
बाहेर चपलांच्या ढिगात
माझी सापडायला वेळ लागला.

खरपुडीच्या रस्त्याला झुंबरबाईचं घर.
ती शेंगा निवडत होती.
उभ्या उभ्याच बोललो,
मावशी, तुमच्या मालात
पोत्यामागं दीड किलो मारायचो मी.
सात वर्षं.

तिनं सूप खाली ठेवलं.
बोटांची पेरं मोजली, सावकाश, दोनदा.
"आठ," म्हणाली,
"गारपिटीचं साल धर की."

ते साल
मी देवालासुद्धा सांगितलं नव्हतं.

बस म्हणाली नाही. पाणी विचारलं नाही.
सूप पुन्हा हलायला लागलं.
मी उंबऱ्याबाहेर टेकलो,
खिशातून पेन काढलं,
कागद नव्हता म्हणून
उपासनेच्या पत्रकामागं लिहिलं :
आठ.