सोहार, सकाळची अपॉइंटमेंट

जेल थंड, म्हणून कैवल्या हसली.
हसू नको, गळा हलतो, मर्सी म्हणाली
मल्याळी वळणाच्या हिंदीत.
पडद्यावर करडा चिखल,
त्यात एक ठिपकेदार बेट.
मी मनात विमा, तिकिटं, मुंबईचा पल्ला
मोजत सुटलो.

डॉक्टर थुरैयांनी चष्मा कपाळावर सारला.
घाबरू नका. आईच्या पोटात असताना
थायमस गळ्यातून छातीत उतरते,
हिचा एक तुकडा वाटेतच राहिला.
राहू दे. वाढेल तशी विरेल तो.

पार्किंगमध्ये स्टिअरिंगला हात लावेना.
"बाबा, तो तुकडा रस्ता चुकला?"
"नाही गं. थांबला."

दोन वर्षांसाठी आलो होतो मी.
कैवल्याच अकराची झाली.

कानामागे जेल राहिलंय तिच्या.
रुमाल सापडत नाही.